पाठीमागची टाचणी

दोन टाचण्या दातांत धरून सविला खिडकीशी उभी होती. काळी केप खांद्यांवर नीट बसली होती, पुढची टोकं कमरेशी टाचून झाली होती. राहिलं होतं ते पाठीवरचं टोक. ते मधोमध खाली ओढून कमरपट्ट्याला टाचायचं, की बाई प्रार्थनेला जायला तयार. लग्न झाल्यापासून हे काम तिने कधी बघून केलं नव्हतं. दाराशी घोडा फुरफुरत असताना केलं होतं, कडेवर मूल असताना केलं होतं, आणि एकदा तर नवऱ्याशी, इलायशी, कडाक्याचं भांडण चालू असतानाही केलं होतं. तेव्हा इलाय जिवंत होता आणि सविलाचे दोन्ही खांदे तिचे स्वतःचे होते.

बाहेर अंगणात बग्ग्यांची चाकं वाजायला लागली होती. आमिश लोकांना चर्चची इमारत नसते, रविवारची प्रार्थना आळीपाळीने एकेकाच्या घरी होते, आणि आजची सविलाच्याच शेतावर होती. आदल्या दिवशी बाकांची गाडी येऊन गेली होती आणि धाकट्या कोठारात बाकं मांडून झाली होती. मुलगा एमॉस पाहुण्यांचे घोडे सोडवायला उभा होता. सून मलिंडा पलीकडच्या मोठ्या घरात पोरांच्या मागे धावत असणार. अशा दिवशी घरच्या म्हातारीने सगळ्यांच्या शेवटी, अर्धवट कपड्यांत बाहेर यायचं म्हणजे शोभाच.

सविलाने टाचणी घेतली आणि उजवा हात मागे नेला. हात कुल्ल्यापर्यंत गेला. आणखी बोटभर हवं होतं. तिने कोपर अंगाशी घट्ट ओढलं आणि तळहात पाठीवर वर सरकवायला जोर दिला.

तेवढ्यात खांद्यातून काहीतरी जागचं निघालं. तो आवाज तिला कानांनी नव्हे, दातांनी ऐकू आला. मग कळ आली आणि ती पलंगाच्या कडेवर बसली. हात मांडीवर पडला होता, पण तिने ठेवला होता तिथे नव्हता. टाचणी खाली पडून कुठेतरी घरंगळली. तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता नातवंडं अनवाणी येतील आणि एखाद्याच्या पायात ती जाईल.

हा खांदा नवा होता. जुना तिने बाजारात झिजवला होता. आयुष्यभर शुक्रवार-शनिवारच्या बाजारात पाव आणि केकचा गाळा चालवला, आणि गरम तबकं डोक्याच्या वरच्या फळीवर चढवता चढवता खांद्यातल्या दोऱ्या सुतासारख्या विरल्या. शिवायचं म्हटलं तर शिवायलाही काही उरलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात छातीच्या वर उठेनासा झाला. आता ज्या बायका केसांना कधी कात्री लावत नाहीत, रोज मधोमध भांग पाडून, घट्ट वळवून, अंबाडा बांधून वर टोपी टाचतात, त्यांच्यातल्या एकीचा हात छातीच्या वर उठत नाही म्हणजे तिची सकाळ दुसऱ्याच्या हातात गेली.

ते दुसरे हात मलिंडाचे होते. दीड वर्ष ती रोज पहाटेचं दूध काढून झालं की पलीकडून यायची, सासूचे केस विंचरायची, टोपी चढवायची, केप टाचायची आणि जायची. हात चपळ, तोंड बंद. केस असे ओढायची की कोंबडी सोलतेय की काय असं वाटावं. सविला दातांच्या डॉक्टरकडे बसावं तशी ताठ बसून राहायची, समोरच्या भिंतीकडे बघत. दोघींमध्ये भांडण नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

म्हणून तर तिने ऑपरेशन करून घेतलं. मुलांना सांगितलं की दुखण्याने झोप लागत नाही, आणि ते खरंही होतं. पण मनातलं खरं एवढंच होतं की सकाळी आपलं आपण आवरावं आणि कोणाच्या हाताखाली बसू नये. डॉक्टरीणबाईंनी प्लास्टिकची हाडं दाखवून समजावलं होतं. खांद्यात जिथे वाटी असते तिथे गोळा बसवायचा आणि गोळ्याच्या जागी वाटी, म्हणजे तुटलेल्या दोऱ्यांचं काम वरचा मोठा स्नायू करतो. उलटा खांदा. आमिश स्वतः मोटार चालवत नाहीत, त्यांची ने-आण करणारा व्हर्न, आमिश नसलेला, गाडीवाला आणि तोंडाळ, याला तर महिनाभराचा विषय मिळाला. उलटा खांदा बसवलाय म्हणता, मग आता कोणाला टाटा करायला गेलात की डोकं खाजवाल, असं तो तिला म्हणायचा.

बाईंनी आणखीही सांगितलं होतं. पहिले तीन महिने हात पाठीमागे न्यायचा नाही, अगदी मागच्या खिशापर्यंतसुद्धा नाही. खुर्चीतून उठताना हातावर भार द्यायचा नाही. त्यातच सांधा निसटतो. आणि हात वर जाईल, पण मागे पहिल्यासारखा जाईलच असं नाही. सविलाने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. तिला ऐकू आलं ते इतकंच, की हात वर जाईल. व्हर्न बाहेर बसला होता, मुलगा शेतावर होता. घरी आल्यावर बाकीचं तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मलिंडाचं येणं पक्कं झालं असतं.

हात खरोखरच वर जाऊ लागला. दुखणं तर पहिल्या काही दिवसांतच गेलं, इतकं की रात्री कुशीवर वळताना तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. मग झोळी निघाली. व्यायाम शिकवणारी शेल्बी नावाची पोरगी तिला भिंतीवर बोटं चालवायला लावायची. एका सकाळी बोटं कपाळाला लागली, पुढच्या आठवड्यात टोपीला. त्या दिवशी सविलाने स्वतःची टोपी स्वतः नीट केली आणि खोलीत एकटी असूनही ती लाजली, इतका आनंद तिला झाला. मलिंडा आली तेव्हा तिने हात वर करून दाखवला. मलिंडा म्हणाली, बरं झालं. त्या शब्दांत सविलाला सुटकाच ऐकू आली.

मग आला तो शुक्रवार. प्रार्थनेआधी घर धुवायला शेजारच्या बायका जमल्या होत्या. भिंती पुसून झाल्या होत्या, स्वयंपाकघरात भांडी निघाली होती. सविला कोठीत बरण्या मोजत होती आणि दार लोटलेलं होतं. मलिंडाची बहीण लोमी तिला विचारत होती, एवढ्या सगळ्याला पुरी कशी पडतेस. मलिंडा म्हणाली, "सकाळी मला दोन बाळांना कपडे घालावे लागतात. एक पाळण्यात, एक पलीकडच्या घरात. पाळण्यातलं निदान हसतं तरी."

बायका हसल्या. वाईट अर्थाने नव्हे, कामाच्या रगाड्यात हसतात तशा. सविला बरण्या मोजत राहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. शनिवारी संध्याकाळी तिने सुनेला सांगितलं, उद्या येऊ नकोस, माझं मी बघेन. मलिंडाच्या हातात लोण्याचं भांडं होतं, पायाला पोर बिलगलं होतं. जमेल ना, एवढंच तिने विचारलं. न जमायला काय झालं, असं सविला म्हणाली. डोक्यापर्यंत जाणारा हात कमरेमागे का जाऊ नये, हे मलिंडाला कुठून कळणार?

तीच मलिंडा आता दारात उभी होती. मोठी कॉफीची किटली सविलाकडे असायची, ती न्यायला आली होती. तिने एकदा सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा हाताकडे, आणि किटलीचा विषय तिथेच संपला.

"कशाने झालं?"

"टाचणी," सविला म्हणाली. तोंडातली दुसरी टाचणी अजून दातांतच होती, ती तिने आत्ता काढली.

मलिंडा दारातूनच एमॉसला ओरडली. तो रस्त्याच्या कडेच्या टेलिफोनच्या खोपटाकडे पळाला. रविवारी भाड्याची गाडी बोलवायची नाही हा नियम, पण हाड निसटल्यावर नियमालाही कळतं. कोठारात पहिलं स्तवन सुरू झालं होतं, ते संथ, एका शब्दावर पाच-पाच हेलकावे घेणारं. एमॉस म्हणाला मी आईबरोबर जातो. मलिंडा म्हणाली, घरी प्रार्थना आहे, तू इथे थांब, मी जाते. पाव, बीट, लोणची, कॉफी सगळं लोमी बघेल. दोन आठवडे तिने जीव टाकून जे घर चकचकीत केलं होतं ते तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

जाण्याआधी मात्र तिने एक काम केलं. गुडघ्यांवर बसून जमिनीवरून हात फिरवला, टाचणी शोधली, सासूच्या मागे जाऊन केपचं टोक खाली ओढलं आणि पट्ट्याला टाचलं. दवाखान्यात ते सगळं पाच मिनिटांत उतरवणार होते. पण त्या अवस्थेत तिला घराबाहेर काढणं मलिंडाला पटलं नाही.

गाडी घेऊन व्हर्नच आला होता. सविलाने हात उशीवर धरला होता. मक्याची शेतं मागे पडत होती आणि प्रत्येक खड्डा तिला ओळखीचा झाला होता.

"हाक का नाही मारलीत?" मलिंडाने विचारलं. "मी अंगणापलीकडे होते."

सविलाला काही बोलायचं नव्हतं. दुखण्याने बोलायला लावलं. "पाळण्यातलं निदान हसतं तरी," ती म्हणाली.

मलिंडाच्या मानेपासून रंग चढत गेला. मग ती म्हणाली, "म्हटलं मी ते. लोमी हसावी म्हणून म्हटलं. पण खोटं नाही म्हटलं." आणि पुढे म्हणाली, "दीड वर्ष येतेय मी. तुम्ही भिंतीकडे बघत बसता. मला वाटायचं, माझे हात तुम्हाला चालत नाहीत. लवकर आटोपलं की तुमचीही सुटका होईल, म्हणून मी घाई करायचे."

"तुझे हात नाही गं," सविला म्हणाली. "मला माझेच हात चालत नव्हते." हे बोलताना तिला रडू आलं. खांद्यामुळे आलं असंच व्हर्नला वाटलं असेल, कारण त्याने गाडी हळू केली.

दवाखान्यात आधी कपडे उतरवायचे होते. परिचारिका टाचणीमागून टाचणी काढत राहिली आणि एका ताटलीत टाकत राहिली. प्रत्येक वेळी तिला वाटायचं आता संपल्या. तरुण डॉक्टरने एक्स-रेवर दाखवलं, वाटी गोळ्यावरून उतरून बाजूला गेली होती. काय करत होतात, त्याने विचारलं. सविलाने सांगितलं. त्याला ते दोनदा विचारावं लागलं. मग तो जरा रागानेच म्हणाला की पाठीमागे हात न्यायचा नाही हे सांगितलं नव्हतं का, आणि घरी मदतीला कोणी नाही का.

"आहे," मलिंडा म्हणाली. "मी आहे. पण मला हे माहीत नव्हतं."

तिने सासूकडे पाहिलं. सविलाने नजर खाली केली. इतक्या वर्षांत सुनेपुढे ती पहिल्यांदाच चुकीची ठरली होती, आणि मलिंडाने त्यावर आणखी एक शब्द काढला नाही. काढला असता तर सविलाला बरं वाटलं असतं.

गुंगी देऊन सांधा जागेवर बसवला. पुन्हा झोळी आली, पुन्हा पहिल्यापासून सगळं. भिंतीवर चढलेली बोटं खाली उतरली. पुन्हा निसटला तर उघडून जाड वाटी बसवावी लागेल असं सांगितलं. त्याच आठवड्यात दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या तेव्हा मलिंडा आत बसली, आणि जे सविलाने कधी विचारलं नव्हतं ते तिने सरळ विचारलं. हात मागे जाईल का?

बाईंनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. या ऑपरेशननंतर पहिल्या काही महिन्यांत बहुतेक लोकांचं दुखणं जातं आणि हात वर जातो, म्हणून ते खूश असतात. मागे जायचं मात्र शेवटी येतं, अर्धवट येतं, काहींना येतच नाही. एकदा निसटल्यावर तर मी तुम्हाला आशा दाखवणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांना एक तोड सुचली. केपला मागे वेल्क्रोची पट्टी का शिवून घेत नाही? नुसती चिकटवली की झालं.

सविलाने मलिंडाकडे पाहिलं आणि मलिंडाने सविलाकडे. बटणसुद्धा न लावणाऱ्यांना वेल्क्रो. शंभर माणसं गुडघे टेकून मूक प्रार्थनेला बसली आहेत आणि त्या शांततेत म्हातारी सविला ग्लिक पाठीमागे फर्रकन फाटतेय, असं दोघींच्याही डोळ्यांपुढे एकदमच आलं असावं. मलिंडाने रुमाल तोंडाला लावला. सविला डॉक्टरीणबाईंचे आभार मानत राहिली, जरुरीपेक्षा जरा जास्तच.

उन्हाळा झोळीत गेला. मलिंडा रोज यायची, पण आता सविला भिंतीकडे बघत नसे. एके दिवशी तिने धीर करून विचारलं, "केस विंचरतेस की कोंबडी सोलतेस?" मलिंडा थांबली. मग म्हणाली, "दीड वर्ष हे पोटात ठेवलंत?" आणि त्यानंतर कंगवा हळू चालू लागला. पोराचे दात, लोमीच्या नवऱ्याची अडेल घोडी, कोणाच्या घरी लग्नासाठी जास्तीची सेलरी लावलीय, सगळं त्या कंगव्याबरोबर यायला लागलं. सेलरी ही त्यांच्या लग्नाच्या जेवणातली भाजी. त्यांच्यात परसात ती जास्त लावलेली दिसली की घरात मुलगी लग्नाची आहे हे सगळ्या गावाला कळतं.

भोपळे पिकेपर्यंत हात पुन्हा वर गेला. या वेळी पहिल्यापेक्षाही वर. शेल्बीने टाळी वाजवली, डॉक्टरीणबाई मनापासून खूश झाल्या. सविला आता भांग स्वतः पाडते, अंबाडा स्वतः बांधते, टोपी स्वतः चढवते. हात मागे मात्र कुल्ल्याशी येऊन थांबतो आणि सविलाही त्याला तिथेच थांबू देते. आरशासमोर तिने एक-दोनदा त्याच्यावर डोळे वटारले, मग तेही सोडून दिलं. याचं तिला वाईट वाटतं. वाटत नाही असं ती कोणालाच सांगत नाही, मलिंडाला तर नाहीच.

लग्नसराईच्या आधीचा तो रविवार. प्रार्थना दुसऱ्यांकडे होती. मलिंडा आली, मागचं टोक टाचलं आणि जायला निघाली.

"थांब जरा," सविला म्हणाली.

तिने कपाट उघडलं आणि सगळ्यात वरच्या फळीकडे हात नेला. मलिंडा सवयीने पुढे झाली, आणि मग हात मागे घेऊन उभी राहिली. सविलाच्या बोटांनी एक चपटं खोकं कडेला ओढलं, तोललं आणि सावकाश खाली आणलं. ते तिने पलंगावर ठेवून उघडलं. निळ्या कागदात पांढरी केप होती आणि पांढरं ॲप्रन.

मलिंडाला सांगावं लागलं नाही. प्रत्येकीकडे असं एक खोकं असतं. लग्नाच्या दिवशी घातलेलं, त्या संध्याकाळी घडी करून ठेवलेलं, आणि पुन्हा एकदाच, दफनाच्या वेळी घालायचं. तेव्हा ते स्वतः घालता येत नाही.

"घाई नाहीये," सविला म्हणाली. "पण माझ्या बहिणी राहिल्या नाहीत. लेक ओहायोत, ती पोचेपर्यंत माझं थांबणार नाही. शेजारणी येतील म्हणा. पण मला वाटतं, हे तू घालावंस."

मलिंडाने ॲप्रन उचललं आणि उजेडात धरलं. घडीवर कापड पिवळं पडलं होतं. कमरपट्टा विशीतल्या मुलीचा होता. तिने तो सासूच्या कमरेशी लावून पाहिला. दोन्ही बाजूंनी चांगलाच कमी पडत होता.

"ही कंबर माझी होती बरं का," सविला म्हणाली. "मागे पुरणार नाही. राहू दे मग मागचं उघडं. तेव्हा पाठ कोणाला दिसतेय?"

"मी असेन ना तिथे," मलिंडा म्हणाली. "जोड देऊन नीट टाचीन."

बाहेर एमॉसने हाक मारली, घोडा कंटाळला होता. मलिंडाने जुन्या घड्या टाळून दोन्ही कपडे नव्याने दुमडले, कागद लावला, झाकण बसवलं आणि खोकं सासूच्या हातात दिलं. सविलाने हात वर केला आणि ते फळीवर ठेवून दिलं.